तुझ्या कथेतलं गोड प्रेम

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. मालवणच्या जेटीवरची सकाळ, माशांच्या पाट्यांची ओढाताण, लिलावाचा आरडाओरडा, सगळं नेमकं उतरलं आहे. पण तारकर्लीला सूर्य तीन वेळा मावळतो आणि तिन्ही वेळा तुझे नायक-नायिका एकमेकांकडे बघत गप्प बसतात. अख्ख्या कथेत कुणी कुणावर चिडत नाही. आपल्याकडे एवढं गोड कोण बोलतं गं?

गणपती आटोपून चाकरमानी मुंबईला निघतात, तेव्हा एकदा कुडाळ स्टेशनवर जाऊन उभी राहा. एखादी आई कोकमाच्या आगळाची बाटली उलटी धरून गळत नाही ना ते बघते, पिशवीत घालते, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, वरून सुतळी. हात असे चाललेले आणि तोंडही चालूच: ‘मेल्या, फोन करूक हात मोडतत तुझे?’ तिनं जर ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ म्हटलं, तर पोरगा घाबरून गाडीच सोडून देईल.

आपलं साहित्यही असंच बोलत आलं आहे. जनाबाई घे. नामदेवांच्या घरची दासी. तिच्या अभंगांत विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसतो आणि तीच जनी त्याला ‘विठ्या’ म्हणून शिव्याही घालते. देवाला शिवी देण्याइतकी जवळीक! भक्तीवर पानंच्या पानं लिहिणाऱ्यांना ती एका हाकेत मागे टाकते.

‘श्यामची आई’ म्हटलं की लोक रुमाल काढतात. मला ते पटत नाही. पालगडच्या साने गुरुजींनी 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात ते लिहिलं, त्याला 42 रात्रींची मांडणी दिली, आणि त्यातली आई नुसती रडणारी नाही. पोहायला घाबरून लपून बसलेल्या श्यामला ती शिंपटीनं झोडते. पोराला कुणी भित्रा म्हटलेलं तिला खपत नाही. ते प्रकरण पुन्हा वाच. मार आणि माया लेखकानं वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेली नाहीत, म्हणून ती आई खरी वाटते. नुसती क्षमाशील असती, तर पूजेच्या तसबिरीतच राहिली असती.

स्त्री-पुरुषांच्या प्रेमाचं म्हणशील, तर आपल्याकडची जुनी शिदोरी मोठी आहे. महाराष्ट्री प्राकृतातली ‘गाथासप्तशती’, सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेला सुमारे सातशे गाथांचा संग्रह. त्यात एक बाई आहे. नवरा परगावी गेलाय. ‘आज गेला, आज गेला’ असं म्हणत ती भिंतीवर रेघा ओढत बसते, आणि पहिल्याच दिवशी दुपार व्हायच्या आत भिंत भरून जाते! हिशेब साफ चुकलेला. विरह, अश्रू यांपैकी एकही शब्द न वापरता दोन ओळींत काम झालं. मुंबईकडे डोळे लावून बसलेल्या आपल्या घराघरांतल्या बायकांना ही गाथा समजावून सांगावी लागणार नाही.

श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’ (1952) तू वाचला असशीलच. तिथे प्रेमाला अख्खा गाव आडवा येतो आणि बापू गावाला पुरून उरतो. आणि वेंगुर्ल्यात जन्मलेल्या पाडगावकरांनी प्रेमाची इतकी गाणी लिहिली, त्यांनीच ‘सलाम’सारखी चिडलेली कविताही लिहिली. एकाच माणसाची ही दोन टोकं नव्हेत, असं मला वाटतं. ज्याला काही मनापासून आवडतं, त्यालाच ते नासताना बघवत नाही.

तेव्हा तुझ्या नायिकेला भांडू दे. तो होडी गहाण ठेवून आला हे तिला तिसऱ्याच माणसाकडून कळतं, ती जागा तू चार ओळींत उरकलीस आणि लगेच समुद्रावर गेलीस. खरी कथा तिथे आहे. ती घरी काय बोलते, भाकरी वाढते की नाही, वाढली तर ताट कसं सरकवते, ते लिही. त्याची बाजूही पूर्ण चुकीची ठेवू नकोस. डिझेलचे पैसे तो आणणार कुठून? त्याच्या आईचं पात्र मात्र काढून टाक, ती फक्त उपदेश करायला येते.

पुढचा खर्डा टपालानं पाठव. मोबाइलवर वाचताना मला समासात लिहिता येत नाही.

तुझे,
सर