हिरव्या कागदावर काय लिहिलंय?

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रं जर्मनीतली आहेत. मी स्टुटगार्टला राहते, कोर्टात शपथ घेतलेली मराठी-हिंदी दुभाषी आहे आणि आठवड्यातून एक दुपार इथल्या सल्लाकेंद्रात बसते. त्यामुळे खालची उत्तरं जर्मनीपुरतीच समजा. शेजारच्या नेदरलँड्समध्येसुद्धा नियम वेगळे आहेत.

पत्र पाठवणाऱ्यांना एक विनंती. ‘माझा डिपेंडंट व्हिसा आहे’, ‘माझा वर्क व्हिसा आहे’ एवढंच लिहू नका. तुमच्या कार्डावर कायद्याचं कलम छापलेलं असतं. कार्डासोबत हिरवा घडीचा कागद मिळालेला असेल तर त्यावर अटी असतात. ते जसंच्या तसं उतरवून पाठवा. तुमचे हक्क त्या ओळीवर ठरतात, मग व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी काहीही सांगो.

ताई, माझं ब्लू कार्ड (उच्चशिक्षितांचा नोकरीचा निवास परवाना) पुढच्या महिन्याच्या २६ तारखेला संपतंय. चार वर्षं एकाच कंपनीत आहे. आउसलेंडरबेहोर्डेचं (परदेशी नागरिकांच्या कार्यालयाचं) टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, मिळत नाही. कोल्हापूरला बाबांची बायपास ठरलीय. ऑफिसातले म्हणतात, आत्ता भारतात गेलास तर परत येता येणार नाही. काय करू?
– एक वाचक, उल्म

जा. बाबांकडे जा. कार्ड २६ तारखेपर्यंत चालू आहे, म्हणजे त्या तारखेच्या आत परतायचं असेल तर तुम्हाला कुणाचीही परवानगी लागत नाही. ‘टर्मिन नाही म्हणून जाता येणार नाही’ हे चूक आहे, आणि अशा चुकीच्या माहितीपायी माणसं आईवडिलांच्या आजारपणाला मुकतात याचं मला फार वाईट वाटतं.

मात्र निघण्याआधी मुदतवाढीचा अर्ज दाखल करून जा. टर्मिन मिळणं आणि अर्ज करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या शहराच्या पोर्टलवरून किंवा तिथले लोक स्वीकारतात त्या मार्गाने अर्ज आत्ताच पाठवा आणि तो पोचल्याचा पुरावा जपून ठेवा. कार्डाची मुदत संपण्याआधी अर्ज झाला असेल तर निवास कायद्याच्या कलम ८१ च्या चौथ्या पोटकलमानुसार निर्णय लागेपर्यंत जुनं कार्ड चालूच आहे असं मानलं जातं. नोकरीचा हक्कही त्यात आला. कंपनीचा एचआर विभाग घाबरला तर हे कलम त्यांना दाखवा.

बायपासनंतर बाबांना लवकर सोडता आलं नाही आणि २६ तारीख उलटली, तर परत येताना दाखवायला फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग हा कागद लागेल. अर्ज केला आहे याचा हा दाखला. तो देणं कार्यालयाला कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे आजच लेखी मागा. विषयाच्या ओळीत ‘नोटफाल’, म्हणजे तातडीची बाब, असं लिहा आणि कोल्हापूरच्या हॉस्पिटलचं शस्त्रक्रियेच्या तारखेचं पत्र जोडा. ते इंग्रजीत असलं तरी सोबत जर्मन भाषांतर दिलेलं बरं.

कागद हातात आला की आधी त्यावरच्या चौकटी बघा. तीन असतात. तुमच्या कागदावर चौथ्या पोटकलमाच्या चौकटीत खूण हवी. ती असेल तर हा दाखला, संपलेलं कार्ड आणि पासपोर्ट यांवर तुम्हाला जर्मनीत परत येता येतं. तिसऱ्या पोटकलमाच्या चौकटीत खूण असेल तर त्यावर इथे राहता येतं, पण बाहेर जाऊन परत येता येत नाही. खूण चुकीच्या जागी पडलेली मी पाहिलेली आहे, म्हणून काउंटर सोडण्याआधीच वाचा. तिकीट फ्रँकफुर्ट किंवा म्युनिकहून थेट मुंबईचं काढा. वाटेत दुसऱ्या देशात विमान बदललं तर तिथल्या कर्मचाऱ्याला हा कागद ओळखू येईलच असं नाही, आणि त्याने विमानात चढू दिलं नाही तर कलम तुमच्या बाजूचं असूनही तुम्ही तिथेच अडकाल.

आता तुम्ही न विचारलेलं. चार वर्षं ब्लू कार्डावर आहात, तर पुन्हा मुदतवाढ कशाला मागता? ब्लू कार्डवाल्याला पेन्शन भरत २७ महिने नोकरी झाली आणि ए-वन, म्हणजे अगदी प्राथमिक, पातळीचं जर्मन येत असलं की कायमस्वरूपी परवाना मागता येतो. बी-वन, म्हणजे मधली पातळी, असेल तर २१ महिने पुरतात. ‘लेबेन इन डॉइचलांड’ ही ३३ प्रश्नांची परीक्षा द्यावी लागते, कायम परवान्यासाठी १५ बरोबर आले तरी चालतात. प्रमाणपत्रं तयार असतील तर अर्ज त्याचाच करा. नसतील तर आत्ता मुदतवाढ घ्या आणि बाबा बरे झाले की परीक्षेला नाव घाला. पासपोर्टची मुदतही बघा. पासपोर्ट संपतो त्या तारखेपुढचं कार्ड इथे मिळत नाही.

ताई, लग्न होऊन मी इथे आले त्याला दोन वर्षं होत आली. नवरा रोज म्हणतो, जास्त बोललीस तर तुझा व्हिसा कॅन्सल करीन. एकदोनदा हातही उचललाय. आता म्हणतो, काही महिने माहेरी राहून ये, डोकं शांत होईल. पासपोर्ट त्याच्या कपाटात आहे. मी बी.फार्म. आहे. नाव छापू नका.

तुझं नाव कुठेच येणार नाही. तू दिलेल्या ईमेलवर मी वेगळंही लिहिलंय, पण हे इथेही छापतेय, कारण अशा पत्रांमध्ये तुझं एकटीचं नाही.

पहिलं म्हणजे तुझा व्हिसा रद्द करणं त्याच्या हातात नाही. तो अधिकार कार्यालयाचा आहे. वेगळे राहू लागल्याचं तो कळवू शकतो आणि तू ज्या कारणासाठी इथे आलीस ते त्यामुळे बदलतं, हे खरं आहे. पण पुढे काय करायचं ते कार्यालय ठरवतं, आणि कायद्यात तुझ्यासाठी कलम ३१ आहे.

जर्मनीत नवराबायको म्हणून तीन वर्षं एकत्र राहणं झालं असेल तर बायकोला स्वतःचा, नवऱ्यावर न टेकलेला निवास परवाना मिळतो. तुझी तीन झालेली नाहीत. मात्र त्याच कलमात विशेष त्रासाचा अपवाद आहे, आणि घरातली मारहाण हे त्यात स्पष्ट लिहिलेलं कारण आहे. तीन वर्षं पुरी होण्यासाठी मार खात त्या घरात राहावं, असं कायदा तुला सांगत नाही. स्वतःच्या पायावर उभं राहीपर्यंत सरकारी मदत घ्यावी लागली तरी पहिल्या वर्षाची मुदतवाढ त्या कारणाने नाकारत नाहीत.

त्यासाठी पुरावा लागतो. डॉक्टरकडे जा, वळ दाखव, नोंद करून घे. तारीखवार लिहून ठेव, मराठीत लिहिलंस तरी चालेल, भाषांतर नंतर होतं. त्याने पाठवलेले धमकीचे मेसेज मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेव.

दुसरं, आणि हे मी अगदी कळवळून सांगतेय: आत्ता माहेरी जाऊ नकोस. कार्ड चालू असलं तरी सहा महिन्यांहून जास्त काळ जर्मनीबाहेर राहिलं तर साधा निवास परवाना आपोआप संपतो. ब्लू कार्डवाल्याच्या कुटुंबाला बारा महिन्यांची सवलत आहे, म्हणून तुझ्या कार्डावरचं आणि त्याच्या कार्डावरचं कलम मला हवंय. पण बारा महिने आहेत या भरवशावरही जाऊ नकोस. तू माहेरी असताना इथे तो घराची नोंदणी बदलेल, वेगळं राहत असल्याचं कळवेल, आणि तुझं म्हणणं मांडायला तू इथे नसशील. सल्लाकेंद्रात मी अशा बायकांच्या आयांचे भारतातून आलेले फोन घेतलेत. बायको तिकडे, तिचे कागद इकडे, आणि परत यायचं तर मुंबईच्या वकिलातीत नव्याने व्हिसा मागायचा. जायचंच असेल तर आधी वकिलाशी बोल आणि परतीचं तिकीट स्वतःच्या हातात ठेव.

पासपोर्ट तुझा आहे. तो दुसऱ्याने अडवून ठेवायचा नाही. मागून देत नसेल तर पोलिसांची मदत घेता येते. अंगावर येत असेल तर ११०. बोलायला कुणी हवं असेल तर ११६ ०१६ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आहे, चोवीस तास, फुकट, नाव न सांगताही. दुभाषी जोडून देतात, इंग्रजीतही बोलतात. कारितास, डियाकोनी, आवो यांसारख्या संस्था स्थलांतरितांसाठी जी सल्लाकेंद्रं चालवतात तिथेही पैसे लागत नाहीत, आणि तिथे सांगितलेलं नवऱ्यापर्यंत जात नाही.

आणि बी.फार्म. आहेस हे विसरू नकोस. डिपेंडंट म्हणून आलेल्या बायकोला इथे नोकरीची मुभा असते, तुझ्या कार्डावर ‘एर्वेर्ब्सटेटिगकाइट एरलाउब्ट’ असं छापलेलं असेल. पदवीच्या मान्यतेचा अर्ज सुरू कर. औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट व्हायला वेळ लागेल, पण औषध कंपन्यांत त्याआधीही जागा असतात. पदवीला साजेशी नोकरी मिळाली की तुला तुझ्या स्वतःच्या नावावर कामाचा परवाना मागता येतो, आणि मग कलम ३१ ची गरजच उरत नाही.

माझी लेक म्युनिकला आहे, २०२२ पासून नोकरीत. तिचं पहिलं बाळंतपण जानेवारीत आहे. मी निवृत्त शिक्षिका. सहा महिने तरी तिच्याजवळ राहावं म्हणते. जमेल का?
– एक आई, नाशिक

सलग सहा महिने जमणार नाही, काकू. शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, उतरल्याचा आणि निघाल्याचा दोन्ही दिवस धरून. मधे चार दिवस लंडनला जाऊन आलं की मोजणी नव्याने सुरू होते, असं कुणी सांगेल. होत नाही. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमांवर येण्या-जाण्याची नोंद संगणकावर ठेवायला सुरुवात झाली आहे, बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन. जास्त राहिलेला एक दिवससुद्धा त्यात दिसतो.

आईवडिलांना कायम बोलावण्याची एक नवी वाट २०२४ मध्ये उघडली, पण ती १ मार्च २०२४ ला किंवा त्यानंतर ज्यांना पहिला परवाना मिळाला अशाच कुशल नोकरदारांसाठी आहे. तुमच्या लेकीला ती लागू नाही. ज्यांना लागू आहे त्यांचंही घोडं उतारवयातल्या माणसाचा आरोग्यविमा काढण्यापाशी अडतं.

मी तर म्हणेन, विहीणबाईंशी बोला. बाळाच्या जन्माच्या थोडं आधीपासून तुमचे तीन महिने, मग त्यांचे तीन. दोघींचे दिवस वेगवेगळे मोजतात. लेकीने किंवा जावयाने तिथल्या कार्यालयातून खर्चाचं हमीपत्र घ्यावं आणि मूळ प्रत तुमच्याकडे पाठवावी. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आधीपासूनचे आजार त्यात बहुधा धरलेले नसतात, म्हणून बीपीच्या गोळ्या तीन महिन्यांच्या घ्या, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. साजूक तुपाचा डबा मात्र आणू नका, बाहेरच्या देशांतून दूध-तुपाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला प्रवाशांना बंदी आहे. इथलं लोणी उत्तम असतं. डिंक, खारीक, हळीव घेऊन या आणि तूप लेकीच्या घरीच कढवा.

जर्मन नागरिकत्व घ्यावं म्हणतो. पण साताऱ्याजवळ वडिलांची शेती आहे. जर्मन पासपोर्ट घेतला तर ती जाईल का? आता दोन्ही पासपोर्ट ठेवता येतात ना?
– एक वाचक, कार्ल्सरूहे

दोन्ही ठेवता येत नाहीत. २७ जून २०२४ पासून जर्मनी जुनं नागरिकत्व सोडायला सांगत नाही आणि पाच वर्षांनी अर्ज करता येतो, एवढाच तो बदल. तीन वर्षांची झटपट वाट २०२५ मध्ये बंदही झाली. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात मात्र परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतल्या क्षणी भारतीयत्व संपतं. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड हे दुसरं नागरिकत्व नव्हे. तो आयुष्यभराचा व्हिसा आहे, त्यावर मतदान करता येत नाही.

शेती जात नाही. ओसीआयधारकाला वारसाने शेतजमीन मिळू शकते, सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण ती बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय पासपोर्टवाल्यालाही, म्हणजे आजच्या तुम्हालाही, आहेच. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. तेव्हा शेतीपायी अडून बसू नका. मताचा हक्क सोडायची मनाची तयारी आहे का, हे बघा. मला स्वतःला ते जमलेलं नाही, मी आजही भारतीय पासपोर्टवरच आहे, पण ज्यांना इथल्या निवडणुकीत मत द्यायचंय त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

क्रम असा ठेवा. जर्मन नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो कौन्सुलेटमध्ये जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यायचं. मग ओसीआयचा अर्ज. जर्मन प्रमाणपत्रावर, पासपोर्टवर आणि जन्मदाखल्यावर तुमचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव एकाच क्रमाने आहे ना, हे त्याआधी तपासा. मधलं नाव कधी पहिल्या नावाला जोडलेलं, कधी गळालेलं असतं आणि तेवढ्यावर अर्ज परत येतो. ओसीआय यायला वेळ लागतो. तोवर गावच्या जत्रेला जायचं झालं तर जर्मन पासपोर्टवर भारताचा ई-व्हिसा काढा.