क्रोमियमचा आकडा वाचताना: वाचकांचे प्रश्न

क्रोमियमविषयी आलेल्या प्रश्नांत एक अडचण वारंवार दिसते. हातात आकडा असतो, पण तो कोणत्या क्रोमियमचा हे ठाऊक नसते. पाण्यात आणि मातीत हा धातू मुख्यतः दोन रूपांत आढळतो, त्रिसंयुजी आणि षट्संयुजी. पुढच्या उत्तरांत त्यांना क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६ म्हटले आहे.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याच्या अहवालात ‘एकूण क्रोमियम ०.०४ मि.ग्रॅ. प्रति लिटर, मर्यादेत’ असा शेरा आहे. जवळपास कारखाना नाही. मग निर्धास्त राहावे का?

०.०४ मि.ग्रॅ. म्हणजे ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य एकूण क्रोमियमसाठी लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे, तेव्हा शेरा चुकीचा नाही. मात्र मर्यादा सगळीकडे सारखी नाही. अमेरिकेची देशपातळीवरची मर्यादा १०० आहे, युरोपीय संघात २०३६ पासून ती २५ होणार आहे, आणि कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये निव्वळ क्रोमियम-६ साठी १० ची वेगळी मर्यादा लावली.

आता ‘एकूण’ या शब्दाकडे या. प्राणवायू असलेल्या, उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी भूजलात क्रोमियम-३ जवळजवळ विरघळत नाही. त्याचे हायड्रॉक्साइड होऊन ते मातीच्या कणांना चिकटून बसते. म्हणून अशा नितळ पाण्यात जे क्रोमियम विरघळलेले सापडते ते बहुतांश क्रोमियम-६ आहे, असे धरूनच चालावे. पाणी गढूळ असेल आणि नमुना न गाळता तपासला असेल, तर मात्र त्याच ४० मध्ये मातीच्या कणांतले निरुपद्रवी क्रोमियम-३ असू शकते.

कारखाना नसणे हा पुरावा नव्हे. सर्पेंटाइनसारख्या अतिअल्पसिलिक (सिलिका फार कमी असलेल्या) खडकांत मुळातच क्रोमियम भरपूर असते आणि मातीतली मँगनीजची ऑक्साइडे क्रोमियम-३ चे क्रोमियम-६ करतात.

धोका कुठे आहे तेही सांगू. पाण्यात क्रोमियम-६ क्रोमेट आयनाच्या रूपात असते आणि त्याची ठेवण सल्फेटसारखी असते. पेशीची सल्फेट आत घेणारी यंत्रणा त्यालाही आत घेते, आत त्याचे क्षपण होते, म्हणजे ते क्रोमियम-३ मध्ये बदलते, आणि त्या ओघात डीएनएला इजा पोचते. श्वासातून गेलेल्या क्रोमियम-६ मुळे फुप्फुसाचा कर्करोग होतो हे निर्विवाद आहे. पिण्याच्या पाण्यातून गेलेल्याचा बराच भाग जठरातच क्रोमियम-३ होतो, पण सगळा होईल याची खात्री नाही. पाण्यातून सोडियम डायक्रोमेटचे (क्रोमियम-६ च्या एका क्षाराचे) मोठे डोस दिलेल्या प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या तोंडात आणि लहान आतड्यात गाठी झाल्या होत्या. तुमच्या जागी आम्ही क्रोमियम-६ ची स्वतंत्र तपासणी एकदा करून घेऊ.

प्रश्न : एकाच विहिरीचे पाणी दोन प्रयोगशाळांना दिले. एकीने क्रोमियम-६ ‘आढळले नाही’ म्हटले, दुसरीने १८ मायक्रोग्रॅम. खरे कोणाचे?

आधी ‘आढळले नाही’ च्या पुढे शोधमर्यादा, म्हणजे त्या पद्धतीला दिसू शकणारे सर्वांत कमी प्रमाण, किती लिहिली आहे ते पाहा. ती ५० असेल तर १८ तिला दिसणारच नाहीत, आणि दोन्ही अहवाल आपापल्या जागी बरोबर ठरतात.

दुसरा संशय बाटलीवर. एकूण क्रोमियमच्या नमुन्यात नायट्रिक आम्ल घालून सामू (पीएच) २ च्या खाली आणतात. तेच आम्ल क्रोमियम-६ च्या बाटलीत पडले, की पाण्यातले सेंद्रिय पदार्थ आणि फेरस लोह त्याचे क्रोमियम-३ करून टाकतात आणि आकडा शून्याकडे जातो. म्हणून बाटल्या दोन लागतात, दोन्ही प्लास्टिकच्या. पंप पाच-दहा मिनिटे चालवून मग पाणी घ्यावे. क्रोमियम-६ चे पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून काढून त्यात अमोनियम बफर (सामू स्थिर ठेवणारे द्रावण) घालतात, सामू ९.३ ते ९.७ ठेवतात आणि बाटली बर्फात पाठवतात. बफर नसेल तर २४ तासांत तपासणी व्हायला हवी.

नेहमीच्या पद्धतीत डायफेनिलकार्बाझाइडने येणारा जांभळा रंग ५४० नॅनोमीटरवर मोजतात. गढूळपणा आणि जास्त लोह तिथे घोळ घालतात. लहान आकड्यांसाठी आयन क्रोमॅटोग्राफी (आयन वेगळे करून मोजणारी पद्धत) मागा. आणि एक सोपी पडताळणी: क्रोमियम-६ चा आकडा एकूण क्रोमियमपेक्षा स्पष्टपणे मोठा आला, तर अहवाल परत करा.

प्रश्न : उकळून, कोळशाच्या गाळणीने किंवा सॉफ्टनरने क्रोमियम जाते का?

उकळल्याने पाणी आटते आणि प्रमाण उलट वाढते. साध्या कोळशाचा भरवसा धरू नये. सॉफ्टनरचे रेझिन कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे धनभारित आयन पकडते, क्रोमेट ऋणभारित असल्याने सरळ निघून जाते.

आरओ चालतो. पडदा चांगला असेल तर बहुतांश क्रोमियम अडते. टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) मीटरवर मात्र विसंबू नका. शेकडो मिलिग्रॅम क्षारांत काही मायक्रोग्रॅमचा फरक त्याला कळत नाही. वर्षातून एकदा आत जाणारे आणि बाहेर येणारे पाणी दोन्ही तपासा. आरओने नाकारलेल्या पाण्यात क्रोमियम साठून येते, ते भाजीपाल्याला घालू नये.

ॲनायन (ऋणभारित आयन पकडणारे) रेझिनही क्रोमेट छान पकडते, पण त्यात सल्फेट जागा अडवते. वेळेवर पुनर्भारण केले नाही, म्हणजे मिठाच्या पाण्याने रेझिन पुन्हा ताजे केले नाही, तर साठलेले क्रोमेट सुटून बाहेरचा आकडा आतल्यापेक्षाही मोठा येऊ शकतो.

प्रश्न : आमचे छोटे क्रोम प्लेटिंगचे युनिट आहे. धुण्याच्या पाण्यात मेटाबायसल्फाइट घालूनही क्रोमियम-६ उरते. काय चुकते?

नव्वद टक्के वेळा सामू. क्षपण २ ते ३ सामूला झपाट्याने होते. ४ च्या वर ते इतके रेंगाळते, की टाकी रिकामी करेपर्यंत पूर्ण होत नाही. आधी सल्फ्युरिक आम्लाने सामू २.५ च्या आसपास आणा आणि मगच मेटाबायसल्फाइट घाला.

हिशेबाने एक किलो क्रोमियम-६ ला सुमारे २.७५ किलो सोडियम मेटाबायसल्फाइट लागते. पाण्यातला प्राणवायूही थोडे खातो, म्हणून तीन किलोच्या पुढेच धरा. जुनी, हवा लागलेली पिशवी निम्मी निकामी झालेली असते. ढवळत अर्धा तास द्या. पिवळा रंग जाऊन हिरवट आला म्हणजे दिशा बरोबर आहे, पण निकाल डोळ्यांनी देऊ नका, डायफेनिलकार्बाझाइडची थेंबचाचणी करा. या टाकीतून सल्फर डायऑक्साइड निघतो, तेव्हा वायुवीजन हवेच.

त्यानंतर चुन्याने सामू ८ ते ९ करून क्रोमियम-३ चा साका खाली बसवायचा. चुना सढळ पडून सामू फार चढला, तर हायड्रॉक्साइड पुन्हा विरघळू लागते. तो साका उघड्यावर जाळणे हा सगळ्यात वाईट उपाय: चुना, उष्णता आणि हवा मिळून क्रोमियम-६ परत तयार होते. तो घातक कचरा म्हणूनच द्यावा लागतो.

सायनाइडच्या टाक्यांचे पाणी या प्रक्रियेच्या टाक्यांत चुकूनही येऊ देऊ नका. आम्लात त्याचा हायड्रोजन सायनाइड वायू होतो आणि तो जीव घेतो.

प्रश्न : स्टीलच्या भांड्यांतून क्रोमियम उतरते का?

उतरते, थोडे. स्टेनलेस स्टीलमध्ये किमान १०.५ टक्के क्रोमियम असते, आणि ‘१८/८’ मधला १८ क्रोमियमचाच. आंबट पदार्थ तासन्‌तास शिजवल्यास, विशेषतः नव्या भांड्यात, जास्त उतरते, वापराने कमी होत जाते. ते क्रोमियम-३ असते. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी मात्र निकेलचा विचार करावा.

प्रश्न : साखर ताब्यात ठेवण्यासाठी क्रोमियम पिकोलिनेट घ्यावे का?

क्रोमियम पिकोलिनेट म्हणजे पूरक गोळ्यांतले क्रोमियम-३ चे एक संयुग. आमचा कौल ‘नाही’ असा आहे. अमेरिकेत २००१ मध्ये प्रौढ पुरुषांसाठी ३५ आणि स्त्रियांसाठी २५ मायक्रोग्रॅम पुरेसे मानले गेले. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१४ मध्ये मात्र क्रोमियम आवश्यक असल्याचा पटणारा पुरावा नाही म्हणून गरजेचा आकडा दिलाच नाही. बाजारातल्या गोळीत २०० मायक्रोग्रॅम किंवा अधिक असते. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्यांसोबत साखर जास्त उतरण्याची शक्यता असते आणि थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी होते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हात लावू नये.

प्रश्न : स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करणाऱ्याने कोणती तपासणी करावी?

लघवीतले क्रोमियम, आठवड्याच्या शेवटच्या पाळीनंतर, क्रिएटिनिनच्या (लघवी किती दाट आहे हे दाखवणाऱ्या घटकाच्या) प्रमाणात. ती अलीकडचा संपर्क दाखवते. क्रोमियम-६ लाल पेशींत शिरते आणि पेशी मरेपर्यंत, म्हणजे साधारण १२० दिवस, तिथेच अडकते. म्हणून लाल पेशींतले क्रोमियम मागच्या काही महिन्यांचा माग देते. केसांच्या तपासणीवर पैसे घालवू नका. रक्तासाठी सूक्ष्म धातूंची खास नळी लागते, कारण साध्या नळीतून आणि स्टीलच्या सुईतूनच क्रोमियम नमुन्यात येते. लघवी देण्याआधी कामाचे कपडे बदलून हात साबणाने धुवावेत, नाहीतर बाहीवरची धूळच मोजली जाते.