लहान मुलांच्या डोळ्यांना इजा होऊ नये म्हणून काय करावं? ३ वर्षांच्या मुलाला संरक्षक चष्मा घ्यावा का?

चष्मा घ्यायचाच तर पॉलिकार्बोनेट (सहज न फुटणारं प्लॅस्टिक) लेन्सचा घ्या, पण तो पुढे क्रिकेट-बॅडमिंटन खेळायला लागल्यावर. ३ वर्षांच्या पोराला खरा धोका घरातच असतो, कोणाच्या तरी खिशातली चुन्याची पुडी.

आमचा लेक साडेतीनचा होता, मे महिन्यात गावी गेलेलो. सासऱ्यांचा सदरा खुंटीवरून खाली पडला, त्यातली चुन्याची प्लॅस्टिकची पुडी याने काढली आणि दोन्ही हातांनी दाबली, ती फुटली आणि सगळा चुना उजव्या डोळ्यात. मी भाकरी थापत होते, किंकाळी ऐकून धावले तर पापण्या घट्ट मिटलेल्या, गालभर चुना. सासूबाई म्हणतात तूप घाल, दीर म्हणतात गाडी काढतो, मिरजेला नेऊ. मी कोणाचं ऐकलं नाही, अंगणातल्या नळाखाली त्याला आडवा धरला, नणंदेने पाय धरले, पापणी ओढून अर्धा तास पाणी सोडलं, कितीही रडला तरी. मिरजेला डॉक्टरांनी पापणी उलटी करून अडकलेले कण काढले, परत सलाईनने धुतलं आणि म्हणाले घरी धुतलंत म्हणून डोळा वाचला. चुना अल्कली, म्हणजे तीव्र क्षार, तो वरवर भाजून थांबत नाही, आत मुरत जातो. बुबुळाच्या कडेला छोटा पांढरा डाग राहिलाय, पण दिसतं नीट.

तेव्हापासून ६ वर्षं मी एकच ऐकतेय, "आईचं लक्ष नको का?" अहो, चोवीस तास लक्ष कुठल्याच आईला ठेवता येत नाही! पुडी मात्र झाकणाच्या डबीत घालून उंच फळीवर ठेवता येते, त्याला काय लागतं? सासऱ्यांनी ऐकलं, तंबाखू सुटली नाही पण पुडी बंद केली. दीर अजून खिशातच ठेवतात, आणि आता त्यांची स्वतःची मुलगी २ वर्षांची आहे. तुमच्या घरात कोणी तंबाखू खात असेल तर चष्म्याआधी त्यांच्याशी बोला, वाईटपणा आला तरी.

आणि हो, धुवायचं ते चुना, ॲसिड, फिनेल असलं काही गेलं तर. विटी किंवा कर्कटकाचं टोक घुसलं असेल तर पाणी नाही, चोळणं नाही, दाबणं नाही, डोळ्यावर कागदी कप उपडा धरून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे.