बीटलच्या साउंडप्रूफिंगला दोन पगार: घालायचे की नाही?

बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं पत्र थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे १९७१ ची फोक्सवॅगन बीटल आहे, दोन वर्षांपूर्वी घेतलेली, महिन्याला साधारण २०० किलोमीटर चालते तीही बहुतेक सुट्टीच्या दिवशी. आत आवाज भयंकर आणि मागून गरम झळा. गॅरेजवाल्याने पूर्ण गाडीच्या डॅम्पिंग (पत्र्याची थरथर मारणाऱ्या शीट) आणि हीट इन्सुलेशनचं कोटेशन दिलंय, ते तुमच्या हातात येणाऱ्या दोन महिन्यांच्या पगाराएवढं आहे, वर १२ बिनव्याजी हप्त्यांची सोय. इमर्जन्सी फंड तीन महिन्यांचा आहे. तुमचं म्हणणं, याने गाडीची किंमत वाढेल म्हणजे ही एक प्रकारे गुंतवणूकच झाली. मिसेसचं म्हणणं, पैसे पाण्यात.

गुंतवणूक वगैरे काही नाही, तो विषय आधी संपवून टाकू. बीटल जगात २ कोटींपेक्षा जास्त बनल्या, शेवटची २००३ मध्ये मेक्सिकोत बाहेर पडली, त्यामुळे तुमची गाडी कितीही गोड असली तरी दुर्मिळ नाही. अशी गाडी घेणारा माणूस बुडाचा पत्रा बघतो, हीटर चॅनल (गरम हवा आत आणणाऱ्या बाजूच्या पोकळ नळ्या) बघतो, कागदपत्रं बघतो, ओरिजिनल किती राहिलंय ते बघतो. कार्पेटखाली कुठली शीट चिकटवलीय याचे तो जास्तीचे पैसे देत नाही, उलट जरा हुशार असेल तर नवी चकचकीत फॉइल बघून त्याला पहिली शंका हीच येते की खाली काय झाकलंय. आणि ब्युटाइलची, म्हणजे चिकट रबराची, शीट एकदा बसली की हीट गन आणि खरवडणी घेऊन तासन् तास बसल्याशिवाय निघत नाही. म्हणजे विकताना पैसे वसूल नाहीत आणि मन बदललं तर परतीचा रस्ताही सोपा नाही.

पण म्हणून मिसेस पूर्ण बरोबर असंही नाही. हा हौसेचा खर्च आहे आणि हौसेला पैसे लागतातच, फक्त तो हौसेच्या खात्यात लिहायचा, बचतीच्या नाही. दोन पगार म्हणजे ६० दिवसांची कमाई, गाडी पुढची ५ वर्षं ठेवणार असाल तर महिन्याला एका दिवसाचा पगार पडतो. हेच पैसे वर्षाला ८ टक्क्यांनी वाढले असते तर ७२ च्या नियमाने (७२ भागिले वाढीचा दर) ९ वर्षांत दुप्पट, म्हणजे चार पगार. हे दोन आकडे दोघांनी समोर ठेवून बोला. महिन्यातून चार-पाच वेळा चालवायच्या गाडीतली शांतता एका दिवसाच्या पगाराची वाटते का, हे तुम्हीच ठरवायचंय, मी त्यात पडत नाही.

मी पडतो ते कोटेशनमध्ये, कारण माझ्या मते खरी गडबड तिथे आहे. तुम्ही पाठवलेला कागद बघा, सगळा हिशोब चौरस फुटावर लावलाय. फ्लोअर, दरवाजे, टप, फायरवॉल (बीटलचं इंजिन मागे असतं, ते आणि केबिन यांच्यामधला पत्रा), पुढची डिकी, मिळून १०० चौरस फूट, आणि प्रत्येक फुटाला तोच दर. आवाज चौरस फुटाच्या हिशोबाने कमी होत नाही हो! डॅम्पिंग शीटचं काम काय, तर पत्रा थरथरतो ती थरथर मारायची. त्यासाठी प्रत्येक पॅनेलच्या मधल्या भागावर २५ ते ३० टक्के शीट लावली की मोठा फरक पडतो, उरलेला ७० टक्के भाग झाकून मिळतं ते मुख्यतः वजन. २ मिलीमीटरची ब्युटाइल शीट चौरस मीटरला तीन-चार किलो भरते, म्हणजे तुमच्या १०० फुटांचे तीसेक किलो झाले, आणि गाडीच मुळात आठशे-साडेआठशे किलोची, इंजिन बेताच्या ताकदीचं. पैसे देऊन चढावर गाडी आणखी मंद करून घ्यायची! गॅरेजवाला फसवतोय असं मी म्हणत नाहीये, त्याचा धंदा शीट विकण्याचा आहे, तो फुटावरच मोजणार.

स्वतः करून बघा, कार्पेट उचलून पत्र्यावर बोटाने टकटक करा. टण्ण असा घुमला तर तिथे शीट हवी, ठप्प असा मेला तर नको. दरवाज्याची बाहेरची कातडी घुमेल, टपाचा मधला भाग घुमेल, फ्लोअरच्या मधल्या उंच बोगद्याजवळचा आणि कडांचा पत्रा बहुतेक घुमणार नाही. खडूने खुणा करून त्या गॅरेजवाल्याला दाखवा आणि म्हणा, एवढ्याचंच कोटेशन दे.

डॅम्पिंगने फक्त थरथर जाते हेही लक्षात ठेवा. हवेतून येणारा इंजिनाचा आणि टायरचा आवाज अडवायला जड थर लागतो, मास लोडेड विनाइल म्हणतात ते, आणि त्याच्याखाली क्लोज्ड सेल फोम (पाणी न शोषणारा). हे विनाइल चौरस मीटरला साधारण ५ किलो असतं. ते कुठेही फट न ठेवता लागलं तरच उपयोग, कारण आवाज फटीतूनच घुसतो. आता गंमत बघा, तुमच्या कोटेशनमध्ये दरवाज्याचं रबर बीडिंग, फायरवॉलमधली वायर जाते तिथली ग्रोमेट्स (रबरी कड्या), इंजिनभोवतीचं सील, यातलं काहीच नाही. पन्नास वर्षं जुन्या गाडीत ही रबरं कडक होऊन तडकलेली असतात. ती बदलायला कोटेशनच्या मानाने किरकोळ पैसे लागतात आणि माझ्या हिशोबात आवाजाचा पहिला रुपया तिथेच जायला हवा. सीलचा दुसरा फायदा असा की बीटलच्या इंजिनाखालची गरम हवा वर पंख्याकडे परत येऊ नये म्हणूनच ते असतं, फाटलं असेल तर इंजिनही जास्त तापतं.

उष्णतेचं बोलू. मागून झळा येतात म्हणालात, तर इन्सुलेशनच्या आधी हीटरचे फ्लॅप (झडपा) तपासा. या गाडीत एक्झॉस्टभोवतीच्या हीट एक्स्चेंजरमधून गरम हवा बाजूच्या पोकळ चॅनलमधून आत येते, फ्लॅप किंवा केबल अडकलेली असेल तर भर उन्हाळ्यातही हीटर चालूच राहतो आणि आपण फायरवॉलला शिव्या घालत बसतो. एक्स्चेंजर गंजून भोक पडलं असेल तर त्याच हवेतून एक्झॉस्टचा धूर आत येऊ शकतो, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा ही तपासणी पैशाच्या हिशोबात धरू नका, ती आधी करायचीच. दुसरं म्हणजे कोटेशनमध्ये फ्लोअरला कार्पेटखाली ‘रिफ्लेक्टिव्ह फॉइल’ अशी एक ओळ आहे. चकचकीत फॉइल उष्णता परावर्तित करते ती समोर हवेची पोकळी असेल तर. पत्रा आणि कार्पेटच्या मध्ये दाबून बसवली की तिची चकाकी वाया गेली, तिथे जे काही काम करतो तो फोम. ती ओळ सरळ काढायला सांगा. फॉइल मागच्या फायरवॉलला इंजिनच्या बाजूने कामाची, पण तिथे पेट्रोलची लाइन जवळ असते, म्हणून आग न पकडणारं आणि इंजिन बेसाठीच बनवलेलं मटेरियलच पाहिजे, आणि पंख्याची हवा कुठेही अडता कामा नये. उरलेली उष्णता काचांतून येते, त्यावर कार्पेटखालच्या कुठल्याच थराचा इलाज नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र कोटेशनमध्ये न लिहिलेल्या खर्चाचा आहे, तो म्हणजे गंज. बीटलची बॅटरी मागच्या सीटखाली असते आणि तिच्याखालचा पत्रा सडणं हे या गाडीचं जुनं दुखणं. सीट उचला, बॅटरी बाजूला काढा आणि स्क्रूड्रायव्हरने तिथे टोचून बघा. आत गेला की वेल्डिंग आलं. (तिथे आहातच तर बॅटरीच्या टर्मिनलवर झाकण आहे का बघा, सीटची स्प्रिंग टेकली तर ठिणगी उडते.) सडक्या पत्र्यावर शीट लावली तर ओल खाली अडकते आणि दोन-तीन वर्षांनी तुम्ही शीट काढायचे, वेल्डिंगचे आणि परत शीट लावायचे असे तिनदा पैसे देता. पाणी कुठून येतंय, काचेच्या रबरातून की हीटर चॅनलमधून, हे शोधल्याशिवाय एक फूटही चिकटवू नका. आणि दरवाज्याच्या तळाची पाणी जायची भोकं शीटखाली बुजली तर दरवाजा आतून सडायला लागतो.

आता टप्प्याचं. तुमच्या कागदावर निम्म्याहून जास्त रक्कम मजुरीची आहे, आणि ती मजुरी म्हणजे बहुतेक सीट, कार्पेट, डोअर ट्रिम काढणं आणि परत बसवणं. म्हणून टप्प्याटप्प्याने करायचं असेल तर थरानुसार करू नका, की आत्ता सगळीकडे डॅम्पिंग आणि पुढच्या वर्षी सगळीकडे फोम, असं केलं तर उघडझाकीचे पैसे दोनदा. भागानुसार करा. आधी फ्लोअर आणि मागची फायरवॉल, गंज, वेल्डिंग, डॅम्पिंग, फोम, विनाइल सगळं एकाच वेळी. दरवाजे नंतर, ते स्वतः सुट्टीच्या दिवशी करता येतात, रोलर, कटर, अल्कोहोलने पुसलेला पत्रा आणि जाड हातमोजे एवढं पुरे, हातमोजे कारण फॉइलची कड ब्लेडसारखी कापते. टपाला आत्ता हातच लावू नका, हेडलायनर (टपाच्या आतलं कापड) बदलायची वेळ येईल तेव्हा करा, चांगला हेडलायनर फाडून खाली शीट लावणं याला मी उधळपट्टीच म्हणेन. आणि स्वस्त म्हणून डांबराची शीट घेऊ नका, उन्हात मऊ होते, वास मारते, उभ्या भागावरून सुटते.

आणि ते १२ बिनव्याजी हप्ते. गॅरेजवाल्याला विचारा, रोख दिले तर किती कमी करशील. जेवढं कमी करेल तेवढंच तुमचं व्याज, नाव वेगळं इतकंच. प्रोसेसिंग फी असेल तर तीही त्यात धरा. पण माझा विरोध व्याजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीला आहे, तीन महिन्यांच्या फंडावर वर्षभराचा हप्ता बांधून घेणं. नोकरीत काही झालं तर गाडी शांत असेल, घर नसेल. फंड आधी निदान सहा महिन्यांचा करा, तोपर्यंत फक्त तपासणी, रबरं आणि हीटरचा फ्लॅप एवढंच, ते महिन्याच्या खर्चातून भागतं. बाजूला गाडीच्या नावाने वेगळं खातं उघडून तोच हप्ता, जो तुम्ही गॅरेजला देणार होतात, स्वतःला भरा. तीन-चार महिने तो हप्ता जड गेला तर उत्तर तुम्हाला एक पैसा न घालवता मिळालं. नाही गेला तर फ्लोअरचं काम रोखीने करा. माझा अंदाज, खुणा केलेल्या जागांपुरतं काम आणि दरवाजे घरी, असं धरलं तर सगळं मिळून एका पगाराच्या आत बसावं, अर्थात पत्रा सडका निघाला नाही तर. निघाला तर आधी वेल्डिंगचं कोटेशन घ्या आणि इन्सुलेशन तेवढ्यापुरतं विसरून जा, कारण तो खर्च हौसेचा नाही, गाडी टिकवण्याचा आहे.

एक राहिलं. विमा ठरलेल्या किमतीचा आहे की बाजारभावाचा, हे पॉलिसीत बघा, आणि इंजिन बेमध्ये काही लावणार असाल तर विमा कंपनीला आधी लेखी कळवा. शीट चिकटवण्याआधी स्वच्छ केलेल्या पत्र्याचे, वेल्डिंगचे, प्रत्येक कोपऱ्याचे फोटो काढून बिलांसोबत ठेवा, उद्या विकायची वेळ आली तर फॉइलखाली काय आहे हे विचारणाऱ्याला दाखवायला तेच लागतील.