कार्ड राहू द्या, सप्लाय चांगला घ्या

प्रश्न : आर्णी तालुक्यात राहतो. कापसाच्या पैशातून ५० हजारांत कॉम्प्युटर जुळवायचा आहे. पोरीचा अभ्यास, थोडं व्हिडिओ एडिटिंग. ग्राफिक्स कार्ड लागेलच का?

उत्तर : नाही, भाऊ. रायझन ५ ५६००जी हा प्रोसेसर घ्या. ग्राफिक्स त्यातच आहे. मात्र ते रॅममधूनच मेमरी घेतं, म्हणून १६ जीबीची एकच पट्टी नको, ८-८ च्या दोन लावा, दोन्हींतून एकदम डेटा येतो अन् ग्राफिक्सला वेग मिळतो. फायली साठवायला ५०० जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) पुरे.

पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको. माझा पहिला स्वस्तातला होता. रात्री लाइन आली, बल्ब भपकन मोठा झाला, जळका वास सुटला. सप्लाय गेला तो मदरबोर्डला घेऊनच. यूपीएस लावाच. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ वर, तेव्हा कॅबिनेट जाळीचं घ्या. अन् घरात कापूस भरला असेल तर कॉम्प्युटर त्या खोलीत ठेवू नका. पंख्यात तंतू अडकतात.