गरोदरपणात फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला तर आई आणि बाळ दोघांना वाचवता येतं का?

बऱ्याचदा येतं. तुम्ही लिहिलंय की पत्नीला सहावा महिना आहे, रिपोर्ट ‘एएलके पॉझिटिव्ह’ (म्हणजे कॅन्सरच्या पेशींत एएलके नावाच्या जनुकात बदल) आलाय आणि घरातले “आई हवी की बाळ” असं विचारताहेत. तो प्रश्न सध्या घरात कुणाला काढू देऊ नका.

माझ्या धाकट्या बहिणीचं असंच झालं. घरात विडी-सिगारेट कुणाला माहीत नाही. खोकला अ‍ॅलर्जीचा आणि दम पोटामुळे, असं धरून दोन महिने गेले. बाळाला अपाय नको म्हणून छातीचा एक्स-रे लांबवला. खरं तर त्यातून बाळापर्यंत पोचणारे किरण अगदी नगण्य असतात. आडवं झालं की जीव घाबरायचा, म्हणून ती मांडीवर उशी घेऊन तिच्यावर डोकं टेकून बसल्या बसल्या झोपायची. फुफ्फुसाभोवतीचं पाणी काढून तपासलं आणि कॅन्सर कळला, तेव्हा २६वा आठवडा होता.

एएलकेवर अलेक्टिनिबसारख्या चांगल्या गोळ्या आहेत. पण गरोदरपणात त्या सुरक्षित आहेत असं म्हणण्याइतका अनुभव जमलेला नाही, म्हणून आमच्या डॉक्टरांनी त्या बाळंतपणानंतरवर ठेवल्या. केमो पहिल्या तीन महिन्यांत टाळतात, पुढे निवडक औषधं देता येतात. तिला कार्बोप्लॅटिन-पॅक्लिटॅक्सेलचे दोन डोस दिले, २७व्या आणि ३०व्या आठवड्यात. शेवटच्या डोसनंतर निदान तीन आठवडे मध्ये जावे लागतात, आईच्या आणि बाळाच्या रक्तपेशी सावरायला. ३४व्या आठवड्यात सिझेरियन झालं. मुलगी १ किलो ९०० ग्रॅमची.

हे जमलं, कारण कॅन्सरचे डॉक्टर, गायनॅक आणि बाळाचे डॉक्टर एकदा समोरासमोर बसले. त्याआधी मेहुणे फाइल घेऊन दोन दवाखान्यांत नुसते फिरत होते. तुम्ही याच आठवड्यात तिघांना एकत्र बसवा. आई खालावत असेल तर बेत बदलावा लागतो, तेही त्यांना स्पष्ट विचारा. वार (प्लासेंटा) तपासायला पाठवायची, हे सिझेरियनच्या आधीच सांगून ठेवा. कॅन्सर क्वचित वारेत उतरतो.

आणखी एक. एएलकेच्या गोळ्या सुरू झाल्यावर अंगावर पाजता येत नाही. कॅन्सरचं कळलं तेव्हा न रडलेली बहीण हे ऐकून रडली. दुधाच्या पेढीची (जिथे इतर आयांनी दान केलेलं दूध मिळतं) चौकशी आत्ताच करा; मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात ती १९८९पासून आहे.