कॅममधली ‘चेन’: साखळी, माळ की शृंखला?

सीएनसी मिलिंग (संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनमध्ये फिरत्या टूलने कापकाम) शिकणाऱ्या मुलांसाठी मराठीत पुस्तिका लिहिणाऱ्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. कॅम सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे ड्रॉइंगवरून मशीनसाठी आज्ञा तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, एकमेकांना लागून असलेल्या रेषा आणि कंस निवडून ‘चेन’ घेतात आणि तिच्यावरून टूलपाथ, म्हणजे टूलने चालायची वाट, काढतात. या चेनला मराठीत काय म्हणावं? त्यांनी चार पर्याय सुचवले आहेत: साखळी, शृंखला, माळ आणि जोडवक्र.

माझं मत साखळीला. आता कारणं सांगतो, पण त्याआधी ती चेन तयार कशी होते ते पाहावं लागेल, कारण शब्दाचा निकाल तिथेच लागतो.

१०० बाय ६० मिमीची प्लेट घ्या, चारही कोपऱ्यांना १० मिमी रेडियस. आपल्या डोळ्यांना एक सलग आउटलाइन दिसते. सॉफ्टवेअरकडे मात्र आठ सुटे तुकडे असतात, चार रेषा आणि चार कंस. एका तुकड्यावर क्लिक केलं की त्याच्या टोकाशी दुसऱ्या कुणाचं टोक जुळतं ते शोधलं जातं. तो तुकडा घेतला की त्याचं दुसरं टोक, मग तिसरा तुकडा, असं करत सुरुवातीच्या टोकाशी परत आलं की चेन बंद होते. टॉलरन्स (चालवून घ्यायची फट) ०.०१ मिमी ठेवलाय आणि दोन टोकांत ०.०२ मिमीची फट आहे, तर चेन तिथेच थांबते. एवढी फट खूप झूम केल्याशिवाय दिसतही नाही. एकाच टोकाला तिसरी रेषा येऊन मिळाली तर फाटा फुटतो आणि कुठल्या वाटेने जायचं ते आपल्याला सांगावं लागतं. बाहेरून आलेल्या ड्रॉइंगच्या डीएक्सएफ फाइलमध्ये कधी कधी एकाच जागी दोन रेषा एकमेकींवर पडलेल्या असतात, तेव्हाही चेन भलतीकडे जाते.

म्हणून ‘माळ’ मला पटत नाही. शब्द गोड आहे, ‘ओवणे’ हे सुंदर क्रियापदही सोबत येतं. पण माळेत मणी वेगळे आणि दोरा वेगळा. मण्याला शेजारच्या मण्याशी काही देणंघेणं नसतं, सगळ्यांना दोरा धरून ठेवतो. चेनमध्ये दोरा नाहीच. टोकाला टोक लागलंय, एवढाच काय तो आधार. साखळीत एक कडी दुसरीला धरते आणि एक निसटली की साखळी तुटते, अगदी तसंच इथे होतं. शॉपफ्लोअरवरही ‘चेन तुटतेय बघ’ असंच म्हणतात.

‘शृंखला’ आणि ‘साखळी’ मुळात एकच. संस्कृत शृंखलेचं प्राकृतात संखला झालं, त्यातून सांखळ, सांखळी आणि आजची साखळी. घासून घासून गुळगुळीत झालेलं रूप हाताशी असताना मूळ रूपाकडे परत कशाला जायचं? शिवाय मराठी कानाला शृंखला म्हटलं की आधी बेड्या आठवतात, नाहीतर हिंदीतून आलेला ‘मालिका’ हा अर्थ.

‘जोडवक्र’ची अडचण वेगळी. गणितात वक्र म्हणजे कर्व्ह हे ठीकच आहे, आणि कॅममध्ये सरळ रेषेलाही कर्व्हच्याच जातीत धरतात. पण आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला वक्र म्हणजे वाकडं एवढंच ठाऊक. चार सरळ बाजूंच्या चौकोनाला जोडवक्र म्हटलं की तो अडखळणार, आणि त्याचं अडखळणं रास्त आहे.

साखळीच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. मापाच्या जगात हा शब्द मराठीत आधीपासून रुळलेला आहे. जमीनमोजणी साखळीने होत असे. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. हे ३३ फूट म्हणजे गंटर या इंग्रज गणितज्ञाच्या ६६ फुटी मोजणी-साखळीची बरोबर निम्मी लांबी. रस्त्याच्या आणि कालव्याच्या कामांत आजही ‘साखळी क्रमांक’ लिहितात. सुरुवातीच्या बिंदूपासून ठरलेल्या दिशेने किती अंतरावर आलो, ते हा क्रमांक सांगतो. सुरुवात, क्रम आणि दिशा या तिन्ही गोष्टी त्या वापरात आहेत, आणि कॅममधल्या चेनलाही नेमक्या त्याच लागतात.

दिशेबद्दल पुस्तिकेत जरा जास्तच लिहा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बाहेरचं प्रोफाइल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मारायचं, तर जॉब (बनवायची वस्तू) टूलच्या उजव्या हाताला राहतो आणि टूल कडेच्या डावीकडून चालतं. म्हणून जी-४१, म्हणजे टूलला कडेच्या डावीकडे ठेवणारी आज्ञा. टूल फिरवणारा स्पिंडल नेहमीसारखा एम-०३ वर, म्हणजे काट्याच्या दिशेने, फिरत असेल, तर हे क्लाइम्ब मिलिंग झालं (चिप जाड सुरू होऊन पातळ होत जाते). मुलांना प्रदक्षिणेची आठवण द्या: देव उजव्या हाताला ठेवून चालायचं, तसंच टूलने जॉब उजवीकडे ठेवून फिरायचं. आता चेन उलटी लागली आणि जी-४१ तसाच राहिला, तर ‘कडेच्या डावीकडे’ याचा अर्थ ‘जॉबच्या आत’ असा होतो आणि टूल सरळ मटेरियलमध्ये शिरतं. एका बाणाच्या दिशेवर जॉब स्क्रॅप होतो.

इथे ‘सव्य’ आणि ‘अपसव्य’ वापरायचा मोह होईल, तो टाळा. प्रदक्षिणेच्या दिशेला आपण सव्य म्हणतो खरं, पण संस्कृतात सव्य म्हणजे डावा. डाव्या हातानेही बाण मारू शकणारा म्हणून अर्जुन सव्यसाची. जिथे डावं-उजवं चुकलं की नुकसान होतं, तिथे असा दुहेरी शब्द नको. ‘काट्याच्या दिशेने’ आणि ‘काट्याच्या उलट’ लांब आहेत, पण चुकणार नाहीत.

एमआयटीमध्ये डग्लस रॉस यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेली एपीटी ही मशीनला आज्ञा देण्याची भाषा १९५९ मध्ये जगासमोर आली. तिच्यातही टूलला ‘डावीकडे जा’, ‘उजवीकडे जा’, ‘पुढे जा’ अशाच आज्ञा होत्या. टूल चालतंय आणि आपण त्याला वाट सांगतोय, ही कल्पना या विद्येत पहिल्यापासूनची आहे. म्हणून क्रियापदंही चालण्या-फिरण्याची ठेवा: साखळी पुढे जाते, थांबते, उलटी फिरते. ‘शृंखलित करणे’ असलं काही नको.

आता नेमकेपणाच्या दोन बाबी. पहिली, साखळी म्हणजे टूलपाथ नव्हे. साखळी ड्रॉइंगमधल्या कडेवर असते. १० मिमी व्यासाच्या एंडमिलचं (कापणाऱ्या टूलचं) केंद्र बाहेरच्या प्रोफाइलला त्या कडेपासून ५ मिमी लांबून चालतं, आणि टूलपाथ तो. ‘टूलपाथ’ तसाच राहू द्या, किंवा ‘टूलचा मार्ग’ म्हणा. ‘हत्यारपथ’ कुणी बोलणार नाही. आणि सॉलिडच्या (त्रिमितीय मॉडेलच्या) कडांवरून वेगळा कर्व्ह तयार करायचा असेल, तर ‘कर्व्ह उतरवणे’ म्हणा, म्हणजे नुसती साखळी निवडण्यापासून तो वेगळा राहील.

दुसरी बाब ‘कड’ आणि ‘कडी’ची. साखळी म्हटलं की तिच्या घटकाला कडी म्हणावंसं वाटतं. पण जॉबची ती कड, तिचं अनेकवचन कडा, आणि कडीचं अनेकवचन कड्या. ‘कडांची निवड’ आणि ‘कड्यांची निवड’ यांत एका य-काराचा फरक. छापताना तो हमखास चुकेल. घटकाला साधं ‘तुकडा’ म्हणा. ‘धार’ हा शब्द टूलसाठी राखून ठेवा, जॉबला कडच बरी.

चेन आणि साखळी दोन्ही मराठीत स्त्रीलिंगी आहेत, ही सोयच आहे. वर्गात तुम्ही ‘चेन तुटली’ म्हणालात आणि पुस्तिकेत ‘साखळी तुटली’ छापलंत, तर वाक्यातलं बाकी काहीच बदलत नाही. पहिल्या पानावर ‘साखळी, म्हणजे चेन’ एवढं लिहा. सॉफ्टवेअरच्या मेनूत चेनच दिसणार आहे, तेव्हा तो शब्द मुलांपासून लपवू नका. बंद आकाराला ‘बंद साखळी’, दोन टोकं मोकळी असतील तर ‘उघडी साखळी’. ‘खुली’ही चालेल, पण ‘बंद’ची जोडी आपल्याकडे ‘उघड’शीच जमते.